मेळघाटात ‘हमखास वनपिंगळा’: पैसे देण्याआधी पोट बघा

मेळघाटात वनपिंगळा (फॉरेस्ट आउलेट, एक लहानसं घुबड) आहे, आणि नीट शोधला तर दिसतो. पण ‘हमखास दाखवतो’ म्हणून पैसे घेऊन जो दाखवला जातो तो पुष्कळदा साधा पिंगळा (स्पॉटेड आउलेट) असतो, गावातल्या जुन्या चिंचेवर संध्याकाळी चिरचिरणारा तोच. आमच्या गटाला पहिल्याच सकाळी असा एक दाखवण्यात आला. वस्तीच्या कडेला, विजेच्या तारेजवळच्या कडुनिंबावर, डोकं पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं, शेजारी जोडीदार. जीपचे ठरलेले पैसे वेगळे आणि वर ‘आउलेटचे’ म्हणून माणशी हजार रुपये वेगळे. हरकत घेतली तर उत्तर तयार होतं: “साहेब, मेळघाटात आउलेट म्हणजे हाच.”

हाच नव्हे. पुढे जे लिहिलंय ते बरंचसं त्या हजार रुपयांच्या रागातून लिहिलंय. बाकीचे दिवस मजेत गेले, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

ओळख पटवायला दहा सेकंद पुरतात, फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं. बहुतेक जण डोळ्यांकडे बघतात. डोळे दोघांचेही पिवळे. आकारावरही जाऊ नका. वनपिंगळा साधारण २३ सेंटिमीटरचा, साधा पिंगळा त्याहून किंचित लहान, आणि उंच फांदीवर एकटा बसलेल्या पक्ष्यात तेवढा फरक डोळ्याला कळत नाही. दुर्बीण आधी डोक्यावर, मग पोटावर, मग शेपटीवर न्यायची. याच क्रमाने.

साध्या पिंगळ्याचं डोकं पांढऱ्या ठिपक्यांचं, भुवया ठळक पांढऱ्या आणि मानेमागे पांढरट पट्टा. वनपिंगळ्याचं डोकं करडं-तपकिरी आणि जवळजवळ कोरं. असलेच तर अगदी पुसट ठिपके. पण नुसत्या डोक्यावर निकाल देऊ नका. साध्या पिंगळ्याची पिल्लं आणि झिजलेल्या पिसांचे पक्षी यांच्या डोक्यावरचे ठिपकेही फिके दिसतात, आणि ‘हा बघा, ठिपके नाहीत’ म्हणून नेमके असेच पक्षी खपवले जातात. खरी मेख पोटात आहे. साध्या पिंगळ्याच्या छातीवरून खाली पोटापर्यंत तपकिरी ठिपके आणि तुटक आडव्या खुणा उतरतात. वनपिंगळ्याची छाती वरच्या बाजूला जवळजवळ सलग तपकिरी, दोन्ही कुशींवर आडवे पट्टे, आणि पोटाचा मधला भाग व शेपटीखालची पिसं स्वच्छ पांढरी, एकही खूण नाही. पक्षी समोरून दिसत असेल तर एवढ्यावर प्रश्न सुटतो. तो पाठमोरा असेल तर पंख आणि शेपटी बघा: वनपिंगळ्याच्या शेपटीवर रुंद, ठसठशीत गडद-पांढरे पट्टे आणि टोकाला पांढरी किनार. साध्या पिंगळ्याच्या शेपटीवरच्या रेघा बारीक. चौथी खूण पायांची. वनपिंगळ्याचे पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले आणि जाडजूड, नखं त्या शरीराला जरा मोठीच वाटावीत अशी, चोचही दणकट.

चूक कुठे होते? थंडीत पक्षी अंग फुलवून बसतो तेव्हा पोटावरची पिसं विस्कटतात आणि मधला पांढरा पट्टा साध्या पिंगळ्यालाही असल्यासारखा भासतो. सूर्य पक्ष्यामागे असेल तर रंग कळतच नाहीत. अशा वेळी दहा मिनिटं थांबायचं. तो मान वळवतो, बाजू बदलतो, पंख ताणतो. वाटाड्या ‘चला चला, पुढे अजून आहेत’ म्हणायला लागला की समजायचं, त्यालाही पोट दाखवायचं नाहीये.

दुसरी गफलत जंगली पिंगळ्याची (जंगल आउलेट). हा मेळघाटात भरपूर आहे, दिवसाढवळ्या ओरडतो आणि पहिल्या दिवशी दहातल्या नऊ वेळा आवाज त्याचाच असतो. अंगाने गोलमटोल, डोक्यापासून पोटापर्यंत सगळीकडे बारीक आडव्या रेघा, पंखांवर तांबूस झाक. डोक्यावर रेघा दिसल्या की तो जंगली पिंगळा, पुढे चला. जीप ठरवताना ‘जंगलातला पिंगळा बघायचाय’ असं सांगू नका, कारण मग हा दाखवून मोकळे होतात आणि त्यात त्यांचं खोटंही नसतं. ‘फॉरेस्ट आउलेट’ असंच म्हणा. तिथले चांगले वाटाडे पक्ष्यांची इंग्रजी नावंच वापरतात. त्याच दमात विचारा, ‘स्पॉटेड आणि फॉरेस्ट यांच्यात फरक काय?’ पोट किंवा शेपटी असा शब्द उत्तरात आला तर माणूस कामाचा. ‘फॉरेस्टवाला मोठा असतो’ एवढंच आलं तर दुसरा शोधा. आणि पैसे पक्ष्याच्या नावावर कधीच ठरवायचे नाहीत. वेळेवर ठरवायचे: सकाळ इतकी, संध्याकाळ इतकी. प्रवेश, वाहन, वाटाड्या यांची पावती मिळते, ती मागून घ्या. जे पावतीवर नाही ते देऊ नका. चांगल्या वाटाड्याला शेवटी खुशीने बक्षिसी द्या, पण ती तुमच्या मर्जीने.

आवाज वेगळे आहेत, पण ऐकूनच कळतात, वर्णनाने नाही. वनपिंगळ्याची साद छोटी आणि मऊ, ‘ऊ-वॉव’ अशी दोन तुकड्यांत. जोडीदाराला हाक घोगरी, ‘क्वाक’. घाबरला की ‘चिर्र चिर्र’. जंगली पिंगळ्याची हाक सावकाश सुरू होऊन वेग घेत जाते. निघण्याआधी तिन्ही आवाज फोनमध्ये उतरवून घ्या आणि गाडीत, प्रवासात कानाला लावून पाठ करा, कारण मेळघाटाच्या पायथ्याचं परतवाडा सोडलं की नेटवर्क येतं-जातं आणि बहुतेक वेळा जातंच. ते आवाज जंगलात स्पीकरवर वाजवायचे मात्र नाहीत. यावर वाटाड्याशी वाद होणार, तेव्हा कारण नीट समजून घ्या.

या पक्ष्याची जोड्या जमवायची धामधूम जानेवारी-फेब्रुवारीत शिगेला असते आणि नेमक्या त्याच काळात तो वाजवलेल्या आवाजाला सगळ्यात लवकर प्रतिसाद देतो. तुम्हाला वाटतं ‘किती सहज आला’. तो आलेला असतो हद्दीत घुसलेल्या परक्या नराला हाकलायला. विणीच्या काळात मादी घरट्यात आणि तिचं, नंतर पिल्लांचंही, पोट नराच्या शिकारीवर. तोच नर सकाळचा तासभर एका ब्लूटूथ डब्याशी भांडत बसला की त्या सकाळी शिकार होत नाही. पाठोपाठ तीन जिपा आल्या आणि तिघांनी वाजवलं तर काय होतं याचा हिशोब करा. शिवाय उघड्यावर येऊन ओरडणारा एवढासा घुबड शिक्र्याला आयता सापडतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात हा पक्षी पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, त्यामुळे वाटाड्याला ‘वाजवायचं नाही’ असं ठामपणे सांगायला संकोचू नका. आमच्या गाडीतला स्पीकर आम्ही बंद करायला लावला आणि तरीही दुसऱ्या सकाळी पक्षी दिसला.

तो कसा दिसला ते सांगतो, कारण शोधायची पद्धत त्यातच आहे. पानगळ झालेला साग, वरून तिसरी फांदी, खोडापासून हातभर लांब, पूर्ण उघड्यावर. घुबड म्हटलं की आपण पालवीत, ढोलीत, सावलीत बघतो. हा दिवसा शिकार करतो आणि उन्हात बसतो. अंग स्थिर, नजर सरळ खाली जमिनीवर. मग शेपटी हलायला लागली: डावी-उजवी, डावी-उजवी, झटक्याझटक्याने. ही शेपटीची हालचाल लक्षात ठेवा; पानं गळालेल्या रानात पक्ष्याआधी तीच नजरेत भरते. तो खाली सुटला तो जवळजवळ उभा, सागाच्या वाळलेल्या पानांत चर्रकन आवाज झाला आणि वर आला तेव्हा पायात सापसुरळी. फांदीवर बसून एक पाय तिच्यावर दाबून डोक्याकडून तोडायला लागला. ती नखं आणि ती चोच कशासाठी ते तेव्हा कळतं. याच्या आहाराचा अभ्यास झालाय त्यात सरडे-सापसुरळ्यांचा वाटा साठ टक्क्यांच्या आसपास निघाला, उंदीर पंधरा टक्क्यांच्या घरात, पक्षी जेमतेम दोन टक्के, बाकी नाकतोडे, किडे, बेडूक. म्हणून सकाळची वेळ महत्त्वाची: ऊन जमिनीवर पोचलं की सरडे बाहेर येतात आणि सरड्यांमागे हा. पहाटेच्या अंधारात जीप पळवत जायचं काही कारण नाही. ऊन पडल्यापासून दहापर्यंत आणि चारनंतर उजेड असेतो, हे खरे तास. भर दुपारी विश्रामगृहात झोपा.

याच पक्ष्याची एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही, बहुधा पोस्टरवरच्या गोंडस चेहऱ्याला ती शोभत नाही म्हणून. वनपिंगळे आपलीच पिल्लं खातात. याचा अभ्यास करणाऱ्यांनी हे प्रत्यक्ष नोंदवलं आणि २००० साली ते प्रसिद्धही झालं. घरटं ढोलीत, अंडी साधारण दोन, पिल्लं महिन्याभरात उडायला लागतात. या महिन्यात एखादं पिल्लू कमी झालं तर दोष दर वेळी घोरपडीचा किंवा सापाचा नसतो.

खोटा माल खरा म्हणून खपवण्याची या पक्ष्याच्या बाबतीत परंपराच आहे. पक्षितज्ज्ञ ॲलन ह्यूमने १८७३ मध्ये याचं वर्णन केलं ते ब्लेविट या संग्राहकाने आजच्या छत्तीसगडमध्ये आदल्या वर्षी मिळवलेल्या नमुन्यावरून. नंतर खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसनने शहाद्याच्या बाजूला काही मिळवले. १८८४ नंतर पक्षी गायब. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात नमुने. १८८४ नंतरचा त्यात एकच, रिचर्ड माइनर्ट्झहागेन या लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला मारल्याचा दावा केलेला. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षिशास्त्रज्ञांनी तो तपासला तेव्हा चोरी उघडी पडली. त्याने डेव्हिडसनचाच नमुना ब्रिटिश संग्रहालयातून लंपास करून, पुन्हा भरून-शिवून, स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावली होती. मांडवीचा पत्ता खोटा, सालही खोटं. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला तर पक्षी तापीकाठच्या सखल रानात शोधायचा, आणि १९१४ पर्यंत तरी तो होता असं मानायचं. मधल्या काळात ‘वनपिंगळा’ म्हणून छापले गेलेले फोटोही साध्या पिंगळ्याचे निघाले. रासमुसेनने बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना घेऊन फक्त खात्रीच्या नमुन्यांच्या जागा धरल्या, आणि २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ पक्षी समोर आला. ११३ वर्षांनी. तोही दिवसाउजेडी, निष्पर्ण झाडावर, उघडा बसलेला. तेव्हा माणशी हजार रुपये घेऊन चुकीचा पिंगळा दाखवणाऱ्याला फार थोर पूर्वज आहेत.

त्यानंतर तळोदा, यावल, मेळघाट, मध्य प्रदेशात खंडवा-बऱ्हाणपूरच्या बाजूला, गुजरातेत डांगकडे आणि २०१४ मध्ये थेट तानसा अभयारण्यात तो सापडत गेला. मेळघाटात शंभरावर पक्ष्यांची नोंद झाली, म्हणजे सगळ्यात भक्कम वस्ती इथलीच. २०१८ मध्ये त्याचा दर्जा ‘अतिशय संकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ असा खाली आला. त्याचं कारण तो वाढला हे नसून, जास्त ठिकाणी सापडला हे आहे. त्याच वर्षीच्या जनुकीय अभ्यासात तो साध्या पिंगळ्याच्याच कुळीत बसला, दोघांच्या वाटा चाळीस-पन्नास लाख वर्षांपूर्वी फुटलेल्या. दिसायला इतके सारखे का, ते यावरून कळावं.

एक रोखठोक मत: मुंबई-ठाण्याहून फक्त हा एक पक्षी बघायला कुणी मेळघाटला निघत असेल तर निघू नये. तानसा हाकेच्या अंतरावर आहे, सकाळी जाऊन दुपारी परत येता येतं. मेळघाट करायचा तर मेळघाटसाठी करा.

आणि तो चिखलदऱ्याला राहून करू नका. ही दुसरी मोठी दिशाभूल. ‘मेळघाट बर्डिंग’च्या नावाखाली मुक्काम चिखलदऱ्याच्या हॉटेलात ठेवतात. चिखलदरा १,१०० मीटरच्या आसपास, थंड हवा, कॉफीचे मळे, धुकं. वनपिंगळा हा खालच्या खोऱ्यातल्या कोरड्या, विरळ सागवानाचा पक्षी. १९९७ ला सापडला तोही पाचशे मीटरच्या आतल्या उंचीवर. वर राहिलात तर रोज सकाळी घाट उतरून जायचं, पोचेपर्यंत ऊन चढलेलं, आणि संध्याकाळी चांगली वेळ सुरू होते तेव्हा अंधाराच्या भीतीने परत फिरायचं. मुक्काम सेमाडोह, कोलखास किंवा हरिसालच्या पट्ट्यात हवा. कोलखासचं विश्रामगृह सिपना नदीवर आहे आणि अंगणातूनच निम्मे पक्षी दिसतात. आरक्षण व्याघ्र प्रकल्पाच्या संकेतस्थळावरून होतं. डिसेंबर-जानेवारीचे शनिवार-रविवार आधीच भरतात, तेव्हा मधले वार धरा.

काळ म्हणाल तर जानेवारी ते मार्च. सागाची पानं गळालेली, नजर लांब पोचते. नोव्हेंबरात रान सुंदर दिसतं पण पानांआड काहीच दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये पक्षी दिसतो, माणूस टिकत नाही. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातली (कोअरमधली) सफारी बंद असते. जानेवारीच्या सकाळी खोऱ्यात थंडी बोचरी असते आणि उघड्या जिप्सीत ती दुप्पट लागते. हातमोजे असे घ्या की कॅमेऱ्याचं बटण दाबता येईल. वाळल्या गवतात गोचीड असतात, पँट मोज्यात खोचा, रात्री काखा आणि गुडघ्यामागे तपासा.

जागा शोधताना झाडी किती गर्द आहे याच्या उलट जा. सलग दाट रान सोडून द्या. साग, मध्ये ऐन-धावडा, खाली मोकळी जमीन, थोडं गवत, शेजारी एखादी जुनी पडीक किंवा शेताची कड, ओढ्याचं कोरडं पात्र: अशा ठिकाणी गाडी बंद करून बसा. पंधरा मिनिटं शांत. बुलबुल, कोतवाल, सातभाई एका झाडाभोवती जमून कालवा करायला लागले की दुर्बीण तिकडे. ते कुठल्या तरी घुबडालाच सतावत असतात. कोणतं ते मग पोटावरून ठरवा. घरट्याच्या किंवा रोजच्या झाडाच्या नेमक्या जागा मी देणार नाही आणि तुम्हीही कुणाला देऊ नका. फोटोबरोबर फोनने आपोआप नोंदवलेलं ठिकाण काढून टाकल्याशिवाय तो कुठेही पाठवू नका. घुबडांचा वापर जादूटोण्यासाठी होतो आणि जागा कळणं एवढंच शिकाऱ्याला हवं असतं.

आता रस्ता. अमरावतीपर्यंत काही अडचण नाही. मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावरचं बडनेरा जवळ, तिथून अमरावती, पुढे परतवाडा साधारण पन्नास किलोमीटर, सपाट. खरा त्रास परतवाडा ते घटांग ते सेमाडोह या टप्प्यात आहे. नकाशात तो पन्नासेक किलोमीटरचा दिसतो आणि ॲप सव्वा तास सांगतं. दोन तास धरा. अरुंद घाटरस्ता, वळणं आंधळी, डांबराच्या कडा तुटलेल्या, त्यामुळे समोरून बस आली की एक चाक खाली उतरवावं लागतं आणि खाली उतरवायला जागा नसते. हाच धारणी-खंडव्याचा हमरस्ता असल्याने ट्रक आणि खासगी बसेस याच वळणांवर वेळ भरून काढत असतात. सप्टेंबर २०२४ मध्ये सेमाडोहजवळ एक बस पुलावरून खाली कोसळून माणसं गेली. हे घाबरवायला सांगत नाही, पण ‘रात्रीचा प्रवास करून पहाटे पोचू, तेवढीच एक रात्र वाचेल’ हा बेत मात्र पूर्ण बाद करा. गवे रात्री रस्त्यात उभे असतात, काळ्या डांबरावर काळं जनावर, दिव्यात दिसतात ते फक्त पांढरे पाय आणि तेही उशिरा. दुपारी दोनपर्यंत परतवाडा सोडा. टाकी तिथेच भरा, हवा तपासा, स्टेपनी चालू आहे ना बघा, आणि रोख पैसे तिथेच काढा. पुढे फोनवरचे पैसे नेटवर्कच्या मर्जीवर. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी परतवाड्यातच घ्यावी, घटांगला पोचल्यावर उपयोग नाही. स्वतःची गाडी खाली बसकी असेल तर परतवाड्यात ठेवून एसटीने सेमाडोह गाठणं जास्त शहाणपणाचं.

याच रस्त्यावर पक्षी बघायची लालूच सुटत नाही, कारण रस्त्याकडेच्या विरळ सागावर वनपिंगळा खरंच बसतो. थांबायचंच तर वळणावर नाही, पुलावर नाही, आणि गाडी पूर्ण डांबराबाहेर गेल्याशिवाय नाही. उतरून झाडीत शिरायचं नाही. ते बेकायदा तर आहेच, शिवाय तिथे अस्वलं आहेत, आणि मेळघाटात पायी माणसाने वाघापेक्षा जास्त अस्वलाला भ्यावं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात तेव्हा फुलं वेचायला माणसं आणि अस्वलं एकाच झाडाखाली एकाच पहाटे येतात. अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं, नाकपुड्या मिटून, आणि तो सुरसुर-घर्रघर्र आवाज बराच लांब ऐकू येतो. तो कानी आला तर दिशा बघत बसू नका, गाडीत बसा. ते तोंड वारुळात घालून असतं तेव्हा त्याला तुमची चाहूल लागत नाही, आणि अगदी जवळ गेल्यावर दचकलेलं अस्वल पळण्याआधी हल्ला करतं.

गाभ्यातल्या सफारीकडून वाघाची अपेक्षा ठेवून जाणाऱ्यांनी ताडोबाला जावं, इथे पैसे फुकट. मेळघाटचा उतार, दऱ्या आणि झाडी अशी आहे की वाघ असून दिसत नाही. त्याऐवजी चौशिंगा शोधा. रानात राहून चार शिंगं बाळगणारं जगातलं हे एकमेव हरीण-सदृश जनावर, हरीण नव्हे तर कुरंगाच्या गटातलं. शिंगं फक्त नराला; मागची जोडी बोटभर, पुढची भुवयांवर नुसत्या गाठी, आणि काही नरांत ती फुटतच नाहीत, त्यामुळे दोनच दिसली म्हणून ‘भेकर’ लिहून मोकळे होऊ नका. भेकर तांबूस आणि त्याच्या कपाळावर गडद रेषा नाकाकडे उतरतात. चौशिंगा मातकट, पुढच्या पायांवर गडद पट्टा. तो पुन्हा पुन्हा एकाच जागी लेंड्या टाकतो. अशी जागा पाणवठ्याजवळ दिसली की वाटाड्याला संध्याकाळी तिथेच गाडी लावायला सांगा. रानकुत्र्यांचा कळप सकाळी नऊनंतरही फिरतो आणि एकमेकांना शीळ घालून बोलावतो. शीळ ऐकून पक्षी समजू नका. शेकरू कोलखासला आहेच. रात्री सिपनेच्या काठी मासेमार घुबडाचा घुमारा येतो, तो अंगणातून ऐका, टॉर्च मारत नदीवर जाऊ नका.

दुर्बीण आठ बाय बेचाळीस (आठपट मोठं दाखवणारी) पुरे. हलत्या जिप्सीत दहाची पकड डळमळते. कॅमेऱ्याची लेन्स चारशे मिलिमीटरची असेल तर पोटाचा पुरावा मिळतो. मोबाइलच्या फोटोवरून ‘वनपिंगळा आहे का सांगा’ विचारणाऱ्यांना कुणीही छातीठोक उत्तर देऊ शकत नाही, म्हणून समोरूनचा एक, पाठमोरा एक आणि शेपटी उघडी असतानाचा एक असे तीन फोटो तिथेच काढा. हे तीन हातात असले की ‘आउलेटचे पैसे’ मागणाऱ्याशी बोलणं फार लवकर संपतं.

परतीला खंडव्याकडून गाडी पकडायचा बेत असेल तर जुन्या प्रवासवर्णनांतली अकोला-खंडवा मीटरगेज विसरा, ती जंगलातून जाणारी गाडी २०१७ पासून बंद आहे. धारणीहून खंडव्यापर्यंत बसनेच जावं लागतं, आणि ती बस सकाळची धरा.